दार धरून ठेवणारं औषध

साल २०२३. शाळेच्या दाखल्याप्रमाणे मला एकाहत्तरावं चालू होतं. दाखल्यावरची तारीख मास्तरांनी अंदाजाने टाकली होती, तेव्हा वर्ष-दोन वर्षं इकडेतिकडे धरा.

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. हे सगळं मी माझ्या हाताने वहीत लिहिलं आहे. सुनेने काना-मात्रा तेवढे बघितले. वाक्याला हात लावू दिला नाही.

ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या होत्या, "काका, तुमच्यासारखी हट्टी माणसं ऑपरेशनला नाही म्हणतात आणि घरी जाऊन मरतात. त्यांना कळेल असं काहीतरी लिहा." म्हणून लिहितो. पण लिहायचं तर पुरतं लिहीन. अर्धंच सांगायची खोड मी बेचाळीस वर्षं सांभाळली. ती या आजारात मोडली.

गॅस

आमचं गाव खारेपाटात, खाडीच्या काठाला. माघात मी रोजच्यासारखा बांधावरून फेरी मारून येत होतो. अर्ध्या वाटेत छातीवर कुणीतरी गुडघा रोवून बसल्यासारखं झालं. डावा जबडा दुखायला लागला, दाढ दुखते तसा. खाली बसलो. थोड्या वेळाने गेलं. घरी येऊन ओवा आणि मीठ चघळलं. गॅस म्हणजे गॅस, त्यात काय.

असे तीन आठवडे काढले. कुणाला सांगितलं नाही. माझी बायको गोदा दारातून बघत असायची.

"अवो, आज वाटंत दोनदा बसलात."

"काटा गेला पायात."

"दोनदा?"

"दोन पाय हायेत मना."

चौथ्या आठवड्यात चहाचा कप हातातून सुटला आणि बनियन घामाने पिळून काढण्याजोगं झालं. रविवार होता म्हणून वाचलो. मुलगा विलास तळोज्याला कंपनीत आहे, तो सुट्टीला घरी होता. त्याने मला विचारलं नाही. बखोटीला धरून गाडीत घातलं. अलिबागला छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली. तिथले डॉक्टर पट्टीकडे बघत राहिले, माझ्याकडे बघेनात. तेव्हाच मी काय ते समजलो. पुढे नवी मुंबईतल्या मोठ्या हॉस्पिटलात मनगटातून तार घालून बघितलं. हृदयाच्या तिन्ही नळ्या बुजलेल्या. बायपास करावी लागेल म्हणाले, आणि लवकर.

"छाती फाडून घ्यायला मी काय जिताडा हाय?" मी विचारलं. जिताडा म्हणजे आमच्या खाडीतला मासा. पाहुणा आला की तो कापायचा, तेव्हाच यजमानाची शान.

विलास चार दिवस माझ्याशी बोलला नाही. पाचव्या दिवशी म्हणाला, "आबा, तुम्ही जन्मभर कुणाचं ऐकलं नाही. आईला तरी विचारा, तिला काय पाहिजे."

मी विचारलं नाही. गोदाच आली आणि समोर बसली.

"माझं कपाळ पांढरं करायचं असंल तर तोंडानं सांगा. गप राहून करू नका. तुमची गप राहायची खोड मना ठावी हाय."

तिला काय ठावं होतं, किती ठावं होतं, याचा विचार करत मी तो दिवस काढला. दुसऱ्या दिवशी म्हणालो, चला.

दाराचं चित्र

डॉक्टर मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या. हात लहान, नखं बारीक कापलेली. मी आधी हात बघितले, कारण ते माझ्या छातीत जाणार होते.

"काका, हृदय तासभर बंद ठेवायचं. तेवढा वेळ मशीन रक्त फिरवेल."

"आनि मी कुठं असनार?"

"टेबलावर."

"तसं न्हाय विचारत."

त्यांनी पेन खाली ठेवलं. विलास म्हणाला, "आबा, काहीही विचारू नका." मॅडम म्हणाल्या, "विचारू दे. ते सगळ्यांच्याच मनात असतं. आपण कुठे असतो ते मला माहीत नाही, काका. पण हृदयाचं काय होतं ते सांगू शकते."

मी म्हणालो, "बंद पडलेलं परत चालू न्हाय झालं तर?"

त्यांनी कागदावर एक चौकोन काढला. चौकोनाला दार. म्हणाल्या, हृदयाचं मांस अशा बारीक बारीक खोल्यांचं असतं. प्रत्येक ठोक्याला या दारातून कॅल्शियम आत येतं, काम करतं आणि बाहेर ढकललं जातं. पण हृदय थांबवलं, त्याचं रक्त तोडलं, की खोलीत बाहेर ढकलायची ताकद राहत नाही. कॅल्शियम आत साचत जातं. मग रक्त परत सोडलं की लोंढाच येतो. फार आलं तर हृदय आवळून बसतं, दगडासारखं. ते पुन्हा हलत नाही.

"मग?"

"म्हणून थांबवण्यासाठी जे गार पाणी देतो, त्यात एक औषध घालतो. ते दार धरून ठेवतं. कॅल्शियमला आत येऊ देत नाही. हृदय निवांत झोपतं."

मी कागद हातात घेतला. आयुष्यात पहिल्यांदा डॉक्टरचं बोलणं मला पुरतं कळलं होतं.

"मॅडम, ही तर आमची उघाडी."

त्या पुण्याकडच्या, त्यांना ठाऊक नव्हतं. मी सांगितलं. भरतीला खाडीचं पाणी आमच्या भातशेतापेक्षा उंच चढतं. मध्ये मातीचा बांध. बांधात लाकडी दारं असतात, त्यांना उघाडी म्हणायचं. ओहोटीला शेतातलं जादा पाणी दार ढकलून बाहेर जातं. भरती आली की खाडीच्याच दाबाने दार मिटतं. खारं पाणी आत आलं तर जमीन वाळून पांढरी पडते, दगडासारखी. दोन-तीन वर्षं तिथे भात उगवत नाही.

"अगदी हेच!" मॅडम खूश झाल्या. "मी हे आता सगळ्यांना असंच सांगणार."

मी गोदाकडे बोट केलं. "हिला तर दवाखान्यात कॅल्शियमच्या गोळ्या देतात. आनि माझं दार लावता?"

"त्यांच्या हाडांना हवं आहे. तुमच्या हृदयाला तासभर नको आहे."

गोदा पदरात हसली. सगळे हसले. त्यात मी विचारून गेलो, "आनि दारात कुनी पाचर मारून ठेवली असंल तर?"

"तुमच्या हृदयात पाचर कोण मारणार, काका?"

मी सही केली. अंगठा नाही, पुरं नाव लिहिलं. हाताला घाम होता म्हणून कागद ओला झाला. विलासला वाटलं, आबा ऑपरेशनला घाबरले.

पाचर

आता जे लिहितो ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

तेव्हा मी तिशीच्या आतबाहेर होतो. उघाडी राखायचं काम माझ्या चुलत भावाकडे होतं. परशुराम त्याचं नाव, आम्ही परशा म्हणायचो. माझ्याहून दोन वर्षांनी लहान. गावाने त्याला नेमला होता कारण तो नाकासमोर चालायचा.

आषाढाची अमावास्या होती, म्हणजे गटारी. दुसऱ्या दिवसापासून श्रावण, महिनाभर मासळी बंद. माझ्याकडे सासुरवाडीचे पाहुणे आले होते आणि आदल्या रात्री मी बढाई मारून बसलो होतो की उद्या ताज्या जिताड्याचं कालवण घालतो.

भरती सुरू होताना उघाडीचं दार थोडं अडकवून ठेवलं तर जिताडा पाण्याबरोबर आत येतो. आत जाळं लावलेलं असलं की सापडतो. दारात पाचर मारायची आणि तासाभरात काढायची. चोरून कधी ना कधी बरेच जण करायचे, म्हणून तर राखणदार नेमलेला. पण गटारीच्या अमावास्येला कुणी करत नसे. त्या दिवशी ऐन दुपारी उधाण भरतं, वर्षातल्या मोठ्यातलं. आणि भाताची लावणी नुकती झालेली.

सकाळी परशा आला. दार हाताने चाचपलं आणि दुसऱ्या उघाडीकडे गेला. मी पलीकडे झुडपाआड बसून बघत होतो. तो वळला आणि मी ऐनाच्या लाकडाची पाचर ठोकली.

जिताडा मिळाला, हातभर लांब. तो घेऊन घरी गेलो, पाहुण्यांना दाखवला. त्यांनी शाबासकी दिली, बसवलं. एक पेला झाला, दुसरा झाला. आठवण झाली तेव्हा धावत सुटलो. पाणी दाराच्या वरच्या फळीला लागलं होतं. पाचर दाबाखाली अशी बसली होती की हलेना. छातीभर पाण्यात उभा राहून मी ती ओढत होतो.

खरी गोष्ट इथे आहे. माणसं हाकेच्या अंतरावर होती. मी ओरडलो असतो तर दहा-पंधरा जण आले असते, पेंढ्याचे भारे आणि पोती टाकून दार बुजवलं असतं. पण हाक मारली असती तर पाचर कुणाची हे कळलं असतं. मी हाक मारली नाही. घरी जाऊन कपडे बदलले. पाण्याने दाराशेजारचा बांध फोडला आणि गावात आरडाओरडा झाला, तेव्हा सगळ्यांबरोबर मीही धावत आलो, पहिल्यांदाच बघतोय असा.

संध्याकाळच्या ओहोटीला पाचर सैल झाली. मी ती काढून आणली आणि माळ्यावर कौलाखाली खोचली. चुलीत का घातली नाही, ते मला आजही सांगता येत नाही.

सगळी लावणी करपली. जमीन पांढरी पडली. परशा सांगत होता, "मी दार चाचपून गेलो. मिटलेलं होतं." लोक म्हणाले, गटारी होती, प्यायला असेल. गावातली येसूबाई, जिचं सगळ्यात जास्त शेत गेलं, तिने करपलेल्या रोपांची मूठ त्याच्या उंबऱ्यावर आणून टाकली. गावाची बैठक बसली. मला विचारलं, तू भाऊ त्याचा, तुला काय वाटतं?

मी म्हणालो, "मानूस हाय. चुकतो कधी."

त्या एका वाक्याने परशाचं गाव सुटलं. तो बायकोच्या माहेरी, म्हसळ्याकडे गेला. त्याची म्हातारी आई इथेच राहिली, इथेच वारली. तो दहाव्याला आला होता. माझ्याकडे बघून म्हणाला, "दादा, तू तरी माझ्या बाजूनं बोललास."

ऑपरेशनच्या सकाळी

छाती भादरली, हिरवा झगा घातला. गोदा पिशवी मांडीवर घेऊन शेजारी बसली होती. मी ठरवलं होतं की हिला सांगून आत जायचं. हृदय तासभर बंद राहणार, मग उघडेल न उघडेल.

"गोदे."

"काय?"

तिने पिशवी खाली ठेवली. माझ्याकडे नीट बघितलं.

"विलासला सांग, शेतातल्या तळ्याचं पानी बघत जा म्हनावं."

"सांगते," ती म्हणाली आणि पिशवी परत उचलली.

ढकलगाडीवरून नेताना छताचे दिवे एकामागून एक मागे जात होते. देवाचं नाव घ्यावं असं मनात होतं. पण तोंडात येत होतं, मिटलंय ना? दार मिटलंय ना?

दुसऱ्याच्या जोरावर

आयसीयूत दिवस कळत नाही आणि रात्रही कळत नाही. दिवे जळतच असतात. घशात नळी, हात बांधलेले. ज्यांना तिथे जायचं आहे त्यांनी एवढं आधीच समजून घ्यावं की बोलता येत नाही. हे मला कुणी सांगितलं असेल तर मी ऐकलं नव्हतं.

मला थंडी वाजत होती. आणि पाणी येत होतं. पलंगाच्या पायांना लागलेलं, मग गादीला. चादरीच्या कडेला पांढरा थर धरत चाललेला, मिठाचा. पायथ्याशी परशा उभा होता. म्हातारा नाही, तेव्हाचाच, गुडघ्यावर धोतर खोचलेला. तो भिंत चाचपत होता, दार चाचपतात तशी. चाचपायचा आणि माझ्याकडे वळून म्हणायचा, "मिटलंय दादा. मी बघितलंय."

मी ओरडायला बघत होतो. नळी होती. मशीन टणाणा वाजायला लागलं. सिस्टर आली, महाडकडची पोरगी होती, तिने माझ्या कपाळावर हात ठेवला. "आबा, लढू नका नळीशी. काय पाहिजे? लिहून दाखवता?" तिने एक हात सोडला, पेन दिलं. मी लिहिलं. तिने वाचलं, "परशा. कोण, मुलगा का? बाहेर आहे?" मी मान हलवली, नाही नाही. पण ती कागद घेऊन गेली.

लोकांनी घाबरू नये म्हणून सांगतो. असले भास पुष्कळांना होतात आणि जातात, असं मला नंतर सांगितलं. माझ्या शेजारच्या पलंगावरच्या गृहस्थांना भिंतीवर मुंग्या दिसत होत्या. त्यांच्या मुंग्या गेल्या. माझा परशा मात्र पुरता गेला नाही, कारण तो भास होता तरी खोटा नव्हता.

नळी निघाल्यावर मॅडम आल्या. माझ्या बरगडीखालून दोन बारीक तारा बाहेर आल्या होत्या, त्या एका डबीला जोडलेल्या. डबीवर दिवा लुकलुकत होता.

"हे काय?"

"काका, तुमच्या हृदयाने जरा हट्ट केला. दार धरणाऱ्या औषधाचा असर थोडा जास्त राहिला. होतं असं कधी कधी. शिरा छान जोडल्यात, मांस वाचलंय. फक्त ठोके आपणहून हवे तेवढे पडत नव्हते, म्हणून आम्ही या तारांनी देतोय."

"म्हंजे हे ठोके माझे न्हायत?"

"सध्या डबीचे."

दोन दिवस मी त्या डबीच्या जोरावर जगलो. मी कधी कुणाचा टेकू घेतलेला माणूस नाही. बांधावर मातीचं घमेलं डोक्यावर चढवायलाही दुसऱ्याचा हात लागू दिला नाही. आणि आता छातीत जे वाजत होतं ते कंपनीचं. मी डबीकडे बघत पडून राहायचो आणि वाटायचं, हे उघडणार नाही. आणि उघडलं तरी मी परत गपच राहणार, तेही मला ठाऊक होतं.

तिसऱ्या दिवशी सिस्टरने डबीचा वेग कमी केला आणि माझं मनगट धरून उभी राहिली. "हे बघा, आता तुमचं तुम्ही." मी रडलो. तिने तोंड पुसलं आणि कुणाला सांगणार नाही म्हणाली. या दोन गोष्टींसाठी मी तिचा जन्मभर ऋणी आहे.

उशी

वॉर्डात एक छोटी घट्ट उशी देतात. खोकला आला, शिंक आली, उठायचं झालं, की ती छातीशी आवळून धरायची, नाहीतर तारेने शिवलेलं हाड ठणकतं. मी आधी म्हणालो, बाईमाणसासारखी उशी कवटाळून बसणार नाही. एकदा खोकलो. मग उशी सोडली नाही. दुसरं ते तीन गोळ्यांचं यंत्र, नळीने श्वास ओढून गोळ्या वर चढवायच्या. ते खेळणं नाही, करा. जेवण बेचव लागतं, महिनाभर तसंच लागतं. आणि संताप येतो. कशाचाही. मी सुनेवर फोडणीच्या वासावरून ओरडलो. नंतर तिची क्षमा मागितली, हे मला नवीन होतं.

घरी आलो. दुपारी भरतीच्या वेळेला मी ओटीवर बसायचो आणि बांधावर परशा दिसायचा. रोज नाही. पण अमावास्या-पुनवेला चुकत नसे. वाकलेला, चाचपणारा.

एके दिवशी गोदाने गोळ्यांच्या डब्यातून घडी घातलेला कागद काढला आणि माझ्यापुढे ठेवला. माझंच वाकडं अक्षर, सिस्टरने तिला वाचून दाखवलेलं.

"परशाभावजींचं काय?"

"वाताच्या भरात लिवलं."

"शुद्ध न्हवती तरी नाव बरोबर लिवलंत. माझं न्हाय, विलासचं न्हाय. त्यांचं." ती थांबली. "बोलायचं असंल तर आता बोला. परत नळी घालतील तवा मना कागूद वाचता यायचा न्हाय."

मी सांगितलं. माळ्यावरून पाचर काढायला लावली. तिने ती हातात घेऊन उलटसुलट बघितली. मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"भावजींच्या आईला मी ताक न्यायचे," ती म्हणाली. "म्हातारी म्हनायची, गोदे, माझा पोर खोटं बोलत न्हाय. मी म्हनायचे, व्हय आत्या, पन चुकला असंल. म्हातारी मरेपर्यंत मी तिला ते सांगितलं. माझ्या तोंडून वदवून घेतलंत तुम्ही."

त्यानंतर सहा दिवस ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. गोळ्या मात्र वेळेवर, पाण्याच्या पेल्यासकट. सातव्या दिवशी पेला ठेवताना म्हणाली, "म्हसळ्याला कधी जायचं?"

म्हसळा

दोन महिने झाल्यावर मॅडमनी प्रवासाला हो म्हटलं. विलासने गाडी काढली. त्याला आईने सांगितलं होतं. वाटेत तो एवढंच बोलला, "आबा, पट्ट्याखाली उशी धरा."

परशाचं घर म्हसळ्याच्या अलीकडच्या एका वाडीत. तो अंगणात सुपारी सोलत बसला होता. केस पांढरे, कान तेच. मला बघून उठला. "दादा! एवढा वाळलास?" त्याची बायको कमळ पाणी घेऊन आली. आम्ही आत बसलो. दोन मिनिटांत परशा उठला, मागच्या दाराची कडी बघून आला. परत बसला. परत उठला. पुढचं दार.

कमळ म्हणाली, "खोडच हाय यांची. जेवता जेवता उठतात. इतकी वर्सं झाली, दार बघितल्याबिगर घास उतरत न्हाय."

मी पिशवीतून पाचर काढून त्याच्यापुढे ठेवली.

"ही काय?"

"गटारीची. उघाडीच्या दारात मी मारली होती. तू गेल्यावर."

तो पाचरीकडे बघत राहिला. मग हळू बोलला, "न्हाय दादा. मीच विसरलो असनार. सकाळी मी पन घोटभर घेतली होती. मना नुस्तं वाटलं असंल, हात लावला म्हनून. लावला नसंल."

मी हॉस्पिटलात पुष्कळ सोसलं. हे ऐकण्याएवढं काही नव्हतं. मला वाटत होतं, तो बेचाळीस वर्षं मनात म्हणत असेल की मी खरा आहे. तो तर कधीच गावासारखा बोलायला लागला होता, आपल्याविरुद्ध.

"परशा, ऐक. तू डाव्या हातानं वरची फळी चाचपलीस. मग खालची. मग परत वरची. मी झुडपाआड होतो, बघत होतो."

"परत वरची?"

"व्हय."

"दोनदा बघितली?"

"दोनदा."

त्याने आपला डावा हात पुढे धरला आणि बघितला. ओळख पटवतात तसा. कितीतरी वेळ. मग कमळकडे वळून म्हणाला, "दोनदा बघितली होती गं मी."

कमळने माझ्यापुढचा पाण्याचा तांब्या उचलला. "दादा, आता तुम्ही जा."

मी माफी मागायला तोंड उघडलं. परशा म्हणाला, "ते ठेव तुझ्याकडं. मना सांगून झालं. ज्यांच्यापुढं मी खाली मान घातली, त्यांना सांग. जिते असतील तेवढ्यांना." पाचर उचलून त्याने मांडीवर ठेवली. "ही र्‍हाऊ दे हितं."

आम्ही अंगणातून बाहेर पडेपर्यंत मी कान लावून होतो. तो दार बघायला उठला नाही. पुढे उठला असेल. मला माहीत नाही.

चार घरं

मॅडमनी रोज सकाळी अर्धा तास चालायला सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उशी काखेत घेतली आणि निघालो. त्या बैठकीला बसलेल्यांपैकी चौघं जिवंत होते. गोदाने विचारलं, "मी येऊ?" मी नाही म्हणालो. ती दहा पावलं मागून आलीच.

पहिल्या घरातल्याला आठवेना. माझंच नाव त्याने दोनदा विचारलं. दुसरा म्हणाला, "आता कशाला उकरतोस? ती जमीन कवाच इकली." तिसऱ्याने ऐकून घेतलं आणि काही न बोलता तोंडावर दार लावलं. बरोबर केलं त्याने.

चौथं घर येसूबाईचं. नव्वदी उलटलेली, ओटीवर उन्हाला बसलेली. मी तिच्यापुढे वाकलो, कानाशी हळूच बोललो.

"काय? मोठ्यानं बोल!"

मी परत सांगितलं.

"ऐकू येत न्हाय मना! पोटात न्हाय का काय तुझ्या? वरड की!"

जोर करायचा नाही, ओरडायचं नाही, असं कागदावर लिहून दिलं होतं. गल्लीत पोरी कळशा घेऊन चालल्या होत्या, कंपनीच्या गाडीची वाट बघत चौघे उभे होते. मागे गोदा थांबली होती. मी उशी छातीशी आवळली, पाय रोवले आणि ओरडलो.

"उघाडीला पाचर मी मारली होती! परशानं दार बघितलं होतं! पाचर माझी होती!"

गल्लीतली दारं एकेक करून उघडायला लागली. परशाने दार दोनदा बघितलं होतं. मी परत ओरडलो.